निरोगी वाहक पाहिजेत

सातारा-सांगलीकडे माणसं देवाला जातात, लग्नाला जातात, फार तर किल्ला चढायला जातात. मी धडधाकट माणसांचं रक्त काढायला गेले होते. पुण्यातल्या ज्या संस्थेत मी नोकरी करते तिथं रोगप्रतिकारशक्तीवर संशोधन चालतं, म्हणजे मुख्यतः बैठका चालतात. अशाच एका बैठकीत आमच्या संचालकांना ग्रामीण महाराष्ट्राची आठवण झाली. ती त्यांना अधूनमधून होते आणि तिचा त्रास दुसऱ्यांना होतो.

विषय तसा सोपा आहे, आमच्या लोकांनी तो अवघड करून ठेवलाय. लहानपणी आपल्याला कांजिण्या येतात. खाजवून खाजवून एकदाच्या गेल्या असं आपण समजतो. त्या जात नाहीत. त्यांचा विषाणू मणक्याजवळ नसांच्या मुळाशी दडी मारतो आणि आपण मरेपर्यंत तिथंच राहतो, घर न सोडणाऱ्या भाडेकरूसारखा. रक्तातल्या टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी त्याला ओळखून असतात आणि डोकं वर काढू देत नाहीत. त्यांचा पहारा ढिला पडला, वयानं म्हणा की आजारपणानं, की तोच विषाणू नसेवाटे कातडीवर येतो आणि कमरेला आग ओकणाऱ्या फोडांचा पट्टा उठतो. त्याला आपण नागीण म्हणतो. हर्पीस नावाचं विषाणूंचं मोठं कूळ आहे, त्यातलंच हे एक पोर.

ज्यांच्या अंगात हा भाडेकरू आहे पण ज्यांना त्यानं कधी छळलेलं नाही, अशांच्या टी पेशी वागतात कशा, हे आम्हाला पाहायचं होतं. अशी माणसं म्हणजे जवळजवळ सगळीच माणसं. शास्त्रात त्यांना जे नाव आहे त्याचं मराठी संचालकांनी संगणकाकडून करून घेतलं, ‘निरोगी वाहक’. संगणकाला मराठी किती येतं हे कळायला मुळात संचालकांना मराठी यायला हवं होतं. माहितीपत्रकं आणि जाहिराती मला दाखवल्या त्या छापून झाल्यावर आणि गावोगाव चिकटवून झाल्यावर.

बरोबर आमचे तंत्रज्ञ गोडबोले होते. निवृत्तीला आलेले, सुई टोचायला हात हलका आणि बोलायला जीभ जड. गाडीत रक्ताच्या नळ्यांची पेटी ते मांडीवर घेऊन बसत आणि खड्डा आला की माझ्याकडे असं बघत, जणू खड्डा मीच खणलाय.

वाई

वाईत एका सभागृहात खुर्च्या मांडून आमची वाट पाहणं चाललं होतं. वाईकर मंडळी वेळेवर येतात, दिलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि त्यातल्या चुका काढतात. पुण्यातही चुका काढतात, पण न वाचता.

एक साठीच्या बाई माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे आल्या. आवाज खाली आणत म्हणाल्या, “अहो, हे जरा समजावून सांगता का? ‘विषाणू यजमानाच्या शरीरात आयुष्यभर लपून राहतो आणि यजमानाच्या नकळत इतरांकडे जातो.’ म्हणजे आमच्या ह्यांना स्वतःला काहीच माहीत नसेल?”

ज्याच्या अंगात विषाणू राहतो त्याला संगणकानं यजमान करून टाकलं होतं. बाईंच्या मागं त्यांचे यजमान उभे होते, बँकेतून निवृत्त झालेले, कानटोपी घातलेले गृहस्थ. पत्रकातला हर्पीस हा शब्द त्यांनी कुठंतरी नको त्या रोगाच्या संदर्भात वाचलेला असावा, कारण त्यांचा चेहरा पार उतरला होता.

“अगं, मी सकाळी फिरायला जातो तेवढंच. घाटावरून परत येतो,” ते म्हणाले.

“मी काही म्हटलंय का तुम्हाला?” बाई म्हणाल्या. त्या सुरात त्या सगळं म्हणाल्या होत्या.

मी सांगितलं, “इथं यजमान म्हणजे तुम्ही स्वतः.”

“मी कशी यजमान?”

हे समजावण्यात अर्धी सकाळ गेली. शेवटी दोघांनी रक्त दिलं, पण शेजारी शेजारी बसून नाही. गोडबोल्यांनी सुई काढली आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं, “संस्थेनं संसार मोडायचं कामही घेतलंय का?”

सातारा

साताऱ्यात उतरायची सोय संचालकांच्या मावसभावाकडे होती. माणसं फार प्रेमळ. प्रेमळ माणसांचं मला भय वाटतं, कारण त्यांना अडवता येत नाही. आल्या आल्या कंदी पेढे, मग चहा, मग पुन्हा पेढे. टी पेशी म्हणजे चहाशी काही संबंध का, असं मावसभावांनी विचारलं आणि मी नाही म्हटल्यावर त्यांचा विषयातला रस संपला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. टी पेशी तपासायच्या तर रक्त फ्रिजमध्ये ठेवायचं नसतं. पेशी गारठल्या की सुस्तावतात, मग त्यांना विषाणूचे तुकडे दाखवले तरी खवळत नाहीत, आणि किती पेशी खवळल्या हे मोजण्यावरच आमचं सगळं शास्त्र उभं आहे. म्हणून गोडबोल्यांकडे एक रबरी शिक्का होता, ‘थंड करू नये’. पेटीच्या चारही बाजूंना तो जांभळ्या शाईत ठसठशीत मारलेला होता.

सकाळी पेटी जागेवर नव्हती. ती फ्रिजमध्ये होती, दह्याचं पातेलं आणि कोथिंबिरीची जुडी यांच्यामध्ये.

“रात्रभर बाहेर राहिलं असतं तर नासलं नसतं का?” वहिनी म्हणाल्या.

“वहिनी, वर लिहिलंय.”

“वाचलं की मी. पण ते तुमच्या पुण्यासाठी असेल. इथं किती उकडतंय!”

पुण्यात पाहुण्यानं आणलेली पिशवीसुद्धा दाराशी ठेवायला सांगतात. साताऱ्यात रक्ताचाही पाहुणचार होतो. वाईच्या त्या दोघांचं रक्त, ज्यासाठी मी एक संसार जेमतेम सावरला होता, ते वाया गेलं. वर वहिनींनी जाताना डबाभर पेढे दिले. रागानं मी ते गाडीत सगळे खाल्ले.

मलकापूर

कराडला लागून असलेल्या मलकापुरात मात्र आमच्या स्वागताला रांग होती. मी हरखले. संचालकांना फोटो पाठवावा म्हणून मोबाइल काढला, आणि मग माझ्या लक्षात आलं की रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी आहे. पिशवीत शाळा सोडल्याचे दाखले आणि कंडक्टरचा बिल्ला.

बाहेर चिकटवलेली जाहिरात मी तेव्हा पहिल्यांदा नीट वाचली. ‘निरोगी वाहक पाहिजेत. स्त्री-पुरुष दोन्ही चालतील. येण्याजाण्याचा खर्च मिळेल.’

लाल गाडीत ज्यानं आयुष्यात एकदा तरी प्रवास केलाय त्याला चालक म्हणजे ड्रायव्हर आणि वाहक म्हणजे कंडक्टर हे सांगावं लागत नाही. गाडीत तसं रंगवलेलंच असतं. आमचे संचालक लाल गाडीत कधी बसलेले नसावेत.

मी उभी राहून खरं काय ते सांगितलं. मग फौजेतून निवृत्त झालेला एक मिशाळ गडी पुढं आला.

“म्हंजी भरती न्हाई?”

“नाही. आम्ही फक्त रक्त घेणार.”

“बगा गड्यांनो,” तो मागं वळून म्हणाला, “फौजेत भरती करून मग रगत मागत्यात. ही पुन्याची मानसं आदीच मागाय लागली!”

सगळे हसले आणि निघून गेले. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर मला बरं वाटलं असतं. कराडहून, पलूसहून, पार डोंगराच्या कडेच्या वाड्यांवरून माणसं आली होती, आणि आमच्या एका शब्दापायी त्यांचा दिवस फुकट गेला होता. मला लाज वाटली. तो फोटो मी संचालकांना पाठवला आणि खाली काहीच लिहिलं नाही. त्यांचं उत्तर आलं, ‘उत्तम प्रतिसाद!’

दुपारी धाब्यावर अख्खा मसूर आणि रोटी खाल्ली. त्या भागात मसूर असा करतात की खाणाऱ्याला दुसरं काही मागवावंसं वाटत नाही. गोडबोल्यांनी तर्रीत रोटी बुडवत विचारलं, “पुढच्या गावी कोण येईल, चालक?”

शिराळा

शिराळा नागपंचमीचं गाव. दुकानाच्या पाटीवर नाग, रिक्षाच्या काचेवर नाग, रसवंतीच्या भिंतीवरही फणा काढलेला नाग. आम्ही शाळेच्या एका वर्गात टेबल मांडलं आणि थोड्याच वेळात खाकी साडीतली एक बाई आली. ताठ, सावळी, चाळिशीची. पिशवी नव्हती, छातीवर बिल्ला होता.

मी घाईनं म्हटलं, “बाई, ही भरती नाही हो.”

“ठाव हाय मला. भरती झालीया माजी, लय वर्सं झाली. मी छाया. हितल्या आगारात वाहक हाय. तुमी निरोगी वाहक हुडकताय न्हवं? मग मला तपासा आन् निरोगी हाय म्हनून लिवून द्या.”

गेल्या पावसाळ्यात तिच्या कमरेला नागीण उठली होती. औषधं झाली, फोड सुकले, खपल्या पडल्या, डॉक्टरनं कामावर जायला सांगितलं. पण आगारातल्या ड्रायव्हरांनी तिच्याबरोबर गाडी काढायला नकार दिला. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, आणि ती कधीही उलटते, असं सगळ्यांचं ठाम मत. साहेबांनी भांडण नको म्हणून तिला पासाच्या खिडकीत बसवलं. तिथं लोक पैसे हातात देत नाहीत, वरून सोडतात.

“नागाला दूध दावत्यात आन् नागीण झाल्याली बाई मातुर ह्यास्नी चालत न्हाई,” ती म्हणाली. “म्याडम, शिराळा-सांगली माजी गाडी. कुठल्या फाट्याला कुठली म्हातारी चढती, कुनाच्या पोराचं कालेज किती वाजता सुटतं, समदं मला ठाव. आता खिडकीत बसून त्याच गाडीची घंटी ऐकती. दुसरंच कोन तरी वाजवतंय. आतडं तुटतं बगा.”

मी संचालकांना फोन केला. त्यांनी मध्येच तोडलं. “नागीण होऊन गेलेली व्यक्ती निकषात बसत नाही. आपल्याला निरोगी वाहक हवेत.”

“ही निरोगी आहे आणि वाहकही आहे.”

“विनोद पुरे,” म्हणाले आणि फोन ठेवला.

मला आधी त्यांचा राग आला, मग आगाराचा, मग एकंदर माणसांचा. नागीण उठून गेलेल्या माणसाच्या टी पेशी खडबडून जाग्या झालेल्या असतात, त्याचा पहारा पुढं काही वर्षं तरी बहुधा आधीपेक्षा कडकच असतो. म्हणजे आगारात ज्या बाईला सगळे भीत होते ती त्यांच्यातली सगळ्यात बंदोबस्तातली बाई होती. गोडबोल्यांनी तिला विचारून तिचं रक्त घेतलं आणि नळी वेगळी ठेवली. मग पेटी शाळेतल्या शिपाई मावशींच्या स्वाधीन न करता बरोबर घेऊन आम्ही तिघं आगारात गेलो.

साहेब टेबलाशी होते, दारात ड्रायव्हरांचा घोळका होता. घोळक्याचा म्होरक्या नाना, हाही माजी फौजी, तब्येतीनं दणकट.

“बाईवर आमचा राग न्हाई म्याडम,” नाना म्हणाला. “पर गाडीत नागिनीचं तोंड-शेपूट जुळलं तर? माज्या मागं गाडीभर मानसं असत्यात. मला त्यांची काळजी.”

“तोंड आणि शेपूट जुळत नाही नाना. ती एकाच नसेवर उठते, ती नस अर्ध्या कमरेवरच संपते. आणि आता तर तिला फोडच नाहीत, मग तुम्हाला लागणार काय? बरं, तुम्हाला लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?”

“व्हय. कुनाला आल्या न्हाईत? आयनं लिंबाच्या पाल्यावर निजवलं हुतं.”

“मग त्या गेल्या कुठं?”

“कुटं म्हंजी? बऱ्या झाल्या!”

“गेल्या नाहीत. तुमच्या पाठीच्या कण्याशी बसल्यात. आत्ता, ह्या घडीला. तीच नागीण, फक्त निजलेली.”

नानाचा हात आपसूक कमरेमागं गेला. “आवं काय बोलताय म्याडम, दिवाबत्तीच्या येळंला!” दिवाबत्तीला अजून बराच अवकाश होता, बाहेर रणरणतं ऊन होतं.

“मला बी आल्या हुत्या रं,” मागून एक जण म्हणाला.

“मला तर लगीन झाल्यावर आल्या,” दुसरा म्हणाला आणि बाकीचे त्याच्यापासून जरा सरकले.

साहेब खुर्चीत चुळबुळले. “मलाही आल्या होत्या,” ते म्हणाले.

“मग झालं तर,” मी म्हटलं. मला भलताच चेव चढला होता. “छायाताईंच्या पेशी जाग्या आहेत. तुमच्या जाग्या आहेत की झोपल्यात, ते तपासल्याशिवाय मला सांगता येणार नाही. तुमचाच नियम लावायचा तर त्यांना गाडीवर पाठवा आणि बाकीच्या सगळ्यांना पासाच्या खिडकीत बसवा.”

एकालाही पटलेलं नाही, हे मला त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण साहेबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सांगलीची गाडी फलाटाला लागलेली होती, तिचा वाहक चुलत मेहुण्याच्या लग्नाला गेलेला होता आणि प्रवासी आरडाओरडा करत होते.

“सगळेच खिडकीत बसले तर गाड्या कोण काढणार?” साहेब म्हणाले. “बाई, तुम्ही सांगली घ्या. नाना, चला. म्याडम, तुम्ही मला लेखी द्या.”

अंधश्रद्धा हटली ती विज्ञानापुढं नव्हे, वेळापत्रकापुढं. मी कागद घेऊन लिहिलं, ‘श्रीमती छाया या निरोगी वाहक आहेत.’ खाली सही केली. आयुष्यात इतकं खरं वाक्य मी संस्थेच्या कागदावर लिहिलेलं नाही.

“शिक्का?” साहेब म्हणाले.

माझ्याकडे शिक्का नव्हता. गोडबोल्यांनी शांतपणे पेटी उघडली, शाईची डबी काढली आणि माझ्या सहीवर जांभळा शिक्का मारला, ‘थंड करू नये’.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. “हे काय?”

“शास्त्रीय भाषा आहे,” गोडबोले म्हणाले.

साहेबांनी मान डोलावून तो फायलीला लावला.

सांगली

गोडबोल्यांना पेटी घेऊन गाडीनं पुढं पाठवलं आणि मी छायाबाईंच्या गाडीत बसले. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच द्राक्षांचे मांडव, आणि खिडकीतून येणारी मळीच्या वासाची हवा. नाना आरशातून मागं बघत होता, रस्त्याकडे कमी आणि छायाबाईंच्या कमरेकडे जास्त. मला नागिणीपेक्षा त्याचीच भीती वाटू लागली.

बातमी गाडीच्या आधी गाडीत चढली होती. पुढच्या बाकावरच्या एका टोपीवाल्यानं पैसे छायाबाईंच्या तळहातावर वरून सोडले. त्यांनी ते घेतले, मशिनमधून तिकीट काढलं, मग त्याचा हात मनगटाला धरून उघडला, तिकीट तळव्यावर ठेवलं आणि बोटं मिटून दिली. “संबाळून ठेवा काका. चेकर आला तर दंड बसंल.” काका आष्ट्यापर्यंत तो हात मांडीपासून लांब धरून बसले होते.

पण एका फाट्याला भाजीची पाटी घेऊन एक म्हातारी चढली आणि दारातच ओरडली, “छाये! कुटं मेली हुतीस गं इतकं दिस? त्या नव्या टोनग्यानं मला तीनदा रस्त्यावर ठेवली!” आणि छायाबाईंच्या खांद्याचा आधार घेऊन वर आली. छायाबाई तोंड फिरवून बाहेर बघत राहिल्या, बराच वेळ. मीही बाहेर बघितलं. कुणाचं रडणं बघणं मला जमत नाही.

सांगलीत भडंग घेतलं, कृष्णेच्या घाटावर बसून खाल्लं, आणि संध्याकाळी गोडबोल्यांबरोबर तिथल्याच एका प्रयोगशाळेत पेशी वेगळ्या करायला बसले. सांगलीचे लोक भडंगाबद्दल जितक्या अभिमानानं बोलतात तितक्या अभिमानानं आम्ही संशोधनाबद्दल बोलतो, फरक एवढाच की भडंग खरोखर चांगलं होतं.

पुणे

निकाल आले. ज्यांना आम्ही नियमानं निरोगी ठरवलं होतं त्यांच्या पेशी बऱ्या होत्या. त्या वेगळ्या ठेवलेल्या नळीतल्या पेशी मात्र विषाणूचे तुकडे दाखवताच अशा खवळल्या की मोजणाऱ्या मुलीनं यंत्र बिघडलं म्हणून पुन्हा लावून पाहिलं. संचालक स्वतः उठून माझ्या खोलीत आले. निकष, विनोद, सगळं विसरले होते. “ही बाई म्हणजे सोनं आहे! यांना दर तीन महिन्यांनी पुण्याला बोलवा. संस्थेची गाडी पाठवू. त्यांच्यावर स्वतंत्र निबंध होईल.”

मी त्यांच्यासमोरच फोन लावला, आवाज मोठा करून. मागं इंजिनाची घरघर आणि माणसांचा कालवा ऐकू येत होता. सगळं सांगितलं. संस्था किती मोठी, काम किती महत्त्वाचं, त्यांच्यासारखं रक्त आम्हाला दुसरं सापडलेलं नाही.

“आवं म्याडम, आता येळ कुठला?” छायाबाई म्हणाल्या. “सनाचं दिस हायती, ज्यादा गाड्या सोडल्यात. त्या तुमच्या सायबास्नी म्हनावं, लय नड असंल तर शिराळ्याला या आन् माज्या गाडीत बसा. जाता जाता घ्या काय रगत घ्यायचं त्ये. तिकीट मातुर काडावं लागंल.”

मग त्या कुणाला तरी आत सरका म्हणून ओरडल्या, दोनदा घंटी वाजली आणि फोन बंद झाला.